हरण्या उलटा का पळाला

भांडं गळकं निघालं तर दोष कुणाचा, याचं उत्तर सुवालाल शेठांकडे तयार होतं: गिऱ्हाइकाचा. ओतूरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाची एक शिस्त होती. पातेलं गिऱ्हाइकासमोर वाजवायचं, उजेडाकडे धरायचं, पाणी भरून दाखवायचं आणि मग मशिनने त्यावर नाव घालून द्यायचं. नाव पडलं की भांडं तुमचं. पुढे ते गळो, चेपो की नणंदेच्या घरी जाऊन तिथेच मुक्काम करो, शेठांचा त्याच्याशी संबंध संपला. नाव घालायचं काम ते नोकरावर सोपवत नसत. 'सप्रेम भेट' ही अक्षरं आपल्याइतकी सुबक अख्ख्या तालुक्यात कुणी कोरत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी न विचारता बऱ्याच जणांना ऐकवलं होतं.

असा माणूस व्हिडिओ गेमच्या भानगडीत पडला तो मुलामुळे. प्रितम पुण्याला इंजिनिअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, आता गेम करणार. शेठांनी आधी आठवडाभर अबोला धरला. पण गेम बैलगाडा शर्यतीचा आहे, प्रोग्रॅम राघूची मुलगी सुप्रिया लिहिणार आहे आणि त्यात राघूचा हरण्या पळणार आहे, हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला. एवढंच नव्हे, दुकानाच्या वरची खोली पोरांना देऊन ते त्या गेमचे मालकच झाले. निदान बोलताना तरी ते 'आमचा गेम' असंच म्हणू लागले.

राघू हा शेठांचा जुना सोबती. त्याच्या आजोबांपर्यंत घर मेंढरांमागे फिरलं, बापाने मळा केला, आणि राघूने बैल केले. दर बाजाराच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर बसून चहा घ्यायचा, आणि दोघं मिळून गावाची काळजी करायचे. त्याचा हरण्या एके काळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, उतरला की बाकीचे गाडामालक दुसऱ्या नंबरासाठी भांडायचे. आता बैल म्हातारा झाला होता, शर्यती सुटल्या होत्या, पण यात्रेत अजून त्याचं नाव निघायचं, आणि नाव निघालं की राघू टोपी सारखी करायचा. सुप्रियाने मळ्यात जाऊन हरण्याचं चालणं मोबाइलवर टिपलं आणि त्यावरूनच गेममधला हरण्या बेतला. गेमचं नाव ठरलं 'घाटाचा राजा'.

इथवर सगळं ठीक होतं. पोरांनी दोघांच्या अकलेने काम केलं असतं तर कदाचित शेवटही ठीक झाला असता. पण ओतूरसारख्या गावात कुणी घराला रंग लावायला काढला तरी रस्त्याने जाणारा थांबून रंग सुचवतो, मग इथे तर बैलगाडा होता.

पहिली सुधारणा खुद्द शेठांची. जैनाच्या घरातून निघणाऱ्या खेळात हिंसा चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. चाबूक नको हे पोरांनी आधीच मान्य केलं होतं. पण शेठांचं समाधान होईना. बैल पळताना कुणाच्या अंगावर गेले तर? गाडा उलटला तर? सुप्रिया म्हणाली, काका, हे चित्रातलं आहे. शेठ म्हणाले, भाव तर खरा आहे ना. आपल्या गेममध्ये कुणाला काहीही लागता कामा नये. सुप्रियाने मान डोलावली आणि तसं लिहून टाकलं.

दुसरी सुधारणा शेठांच्या पत्नी मंगलाबाईंची. या भागातल्या शर्यतीत गाड्यावर माणूस बसत नाही. पुढे घोडीवर स्वार असतो आणि त्या घोडीमागे बैल सुटतात. गेम खेळणाऱ्याने ही घोडीच पळवायची होती. मंगलाबाईंनी दोन डाव पाहिले आणि विचारलं की या मुक्या जनावराला पाणी कोण पाजतं. मग घाटाच्या मध्यावर एक हौद आला आणि घोडी तिथे पाणी पिऊनच पुढे जाईल असं ठरलं. जाता जाता त्यांनी एवढंच सांगितलं की आपल्या घरातलं जनावर आहे, सूर्य मावळल्यावर त्याच्या तोंडी अन्नपाणी नको. हेही घड्याळाला जोडून लिहिलं गेलं.

तिसरी रामनाथची. तो गणेश मंडळाचा अध्यक्ष. गेम मंडळाच्या पडद्यावर सगळ्या गावादेखत सुरू करायचा ही कल्पना त्याची, आणि त्या बदल्यात गेममधल्या निवेदकाने आपलं नाव घ्यावं ही अपेक्षाही त्याचीच. एकदा घेऊन त्याचं भागेना. 'अधूनमधून येऊ द्या' असं तो म्हणाला.

त्याच रामनाथने शेठांच्या डोक्यात परवानगीचं खूळ घातलं. बैल पळवायचे म्हणजे सरकारी परवानगी लागते, मग ते मोबाइलमध्ये पळोत नाहीतर घाटात. शेठ कायदा पाळणारे. ते एका कचेरीत गेले. कुठल्या ते कशाला सांगा, त्यांना पुन्हा तिकडे जायचं आहे. साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि बैल कुठे आहेत असं विचारलं. शेठांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. साहेबांनी बैल पाहिले, ते आवडल्याचं सांगितलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला मागितला. तो आणल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही आणि अर्ज पुढे गेल्याशिवाय तो नामंजूरही करता येत नाही, ही अडचण त्यांनी समजावून दिली. शेठ जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला, परत दिला, आणि शेठांचंच ब्लडप्रेशर कुणाला तरी दाखवून घ्यायला सांगितलं.

या सगळ्यात गेम मागे पडत होता. सुप्रिया रोज सांगत होती की गेममध्ये बग आहेत. बग म्हणजे काय, तर प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या चुका. एक काढली की दोन दिसतात, तेव्हा दिवाळीपर्यंत वेळ द्या. शेठ ऐकून घेत होते आणि बोलत नव्हते, कारण त्यांनी जे करायचं ते आधीच करून ठेवलं होतं.

मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकाला भेट द्यायची म्हणून त्यांनी स्टीलच्या वाट्या काढल्या होत्या आणि प्रत्येक वाटीवर स्वतःच्या हाताने कोरलं होतं: 'घाटाचा राजा, प्रकाशन, गणेश चतुर्थी, सप्रेम भेट'. पुणे-मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्या तारीख जाहीर करतात ती कागदावर, ती पुढे ढकलता येते. स्टीलवरची ढकलता येत नाही. प्रितमने वाटी हातात घेतली आणि जरा विचार करून म्हणाला की पप्पा, गणेश चतुर्थी तर पुढच्या वर्षीही येते. त्यावर शेठांनी वाटी फिरवून दाखवली. मागच्या बाजूला सालही घातलं होतं, आणि अक्षर नेहमीप्रमाणे सुबक होतं.

मंगलाबाईंनी आठवण करून दिली की त्या दिवसांत आपलं उपासांचं पर्युषण असतं, दुसऱ्याच दिवशी संवत्सरी येते, तेव्हा हे कसले खेळ काढता. शेठ म्हणाले, गणपती सगळ्यांचा आहे. सुप्रिया काहीतरी सांगायला दोनदा खाली आली आणि दुकानात गर्दी बघून दोनदा परत गेली. मग तिने आणि प्रितमने चार दुपारी बसून गेम खेळून पाहिला. चारही दुपारी तो बऱ्यापैकी चालला. दुपारीच पाहिला हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाली, प्रसाद झाला, वाट्या वाटून झाल्या. अख्खी पेठ मंडपात लोटली होती. शेठ पुढच्या रांगेत शेला घेऊन बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर राघू नव्या टोपीत बसला होता. पडद्यावर घाट दिसला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. घोडी सुटली, अर्ध्या घाटात हौदापाशी आली आणि थांबली. पाणी प्यायल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती. सूर्य मावळून गेला होता, त्यामुळे ती पाणी पिणार नव्हती. घोडी हौदाकडे बघत उभी राहिली आणि गाव घोडीकडे बघत बसलं.

तेवढ्यात गाडे सुटले, आणि घोडी वाटेत अडलेली असताना पुढे काय होतं हे चार दुपारींत कुणी पाहिलंच नव्हतं. कुणाला काही लागायचं नाही ही अट सुप्रियाने पाळली होती, जरा जास्तच काटेकोर पाळली होती. बैल प्रेक्षकांमधून आरपार गेले. प्रेक्षक स्टेजमधून आरपार गेले. मग ज्याला काहीच लागत नाही त्याला जमीन तरी का लागावी, या न्यायाने सगळे गाडे हळूहळू खाली जाऊ लागले. आधी चाकं, मग पोटं, मग नुसती शिंगं घाटावरून सरकताना दिसली. निवेदक मात्र जागचा हलला नव्हता. तो 'मंडळाचे अध्यक्ष रामनाथ' एवढं म्हणायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. खरा रामनाथ पहिल्या तीन-चार वेळा उठून नमस्कार करून बसला, नंतर त्याने रुमालाने तोंड पुसायला घेतलं.

हरण्या सगळ्यांत शेवटी सुटला. त्याने समोरच्या घोडीकडे पाहिलं आणि तो मागे सरकला. एक पाऊल, मग दुसरं, असा उलटा चालत तो सुरुवातीच्या रेषेच्याही मागे गेला आणि पडद्याच्या कडेबाहेर नाहीसा झाला. मंडपात आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळाच मंडप हसला. पोटं धरून हसला. शेठांनी शरमेने मान खाली घातली होती, ती वर केली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. वाटी खुर्चीवरच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोष कुणाचा यावर दुकानासमोर चर्चा बसली. रामनाथचं म्हणणं पडलं की दोष प्रितमचा, कारण गेमवर नाव त्याचं. प्रितम म्हणाला, प्रोग्रॅम सुप्रियाचा. सुप्रिया म्हणाली की मला जे सांगितलं तेच मी लिहिलं आणि मी दिवाळी मागितली होती. कुणी म्हणालं दोष पडद्याचा, कुणी म्हणालं रेंजचा. मंगलाबाई आतून म्हणाल्या की घोडीने मात्र नियम मोडला नाही, तिला कुणी काही बोलू नका. सुप्रियाने शेवटी सांगितलं की अपडेट देऊ, सगळं दुरुस्त होईल. हा प्रकार शेठांनी समजून घेतला तेव्हा त्यांना घाम फुटला. म्हणजे भोकाचं पातेलं विकायचं आणि भोक बुजवायचा डाग नंतर घरपोच पाठवायचा. गिऱ्हाइकासमोर पाणी भरून दाखवल्याशिवाय भांडं न दिलेला माणूस मी, असं ते म्हणाले, आणि वाक्य पुरं न करता गल्ल्यावर जाऊन बसले. वाटीवर नाव त्यांनीच घातलं होतं.

राघू त्या दिवशी आला नाही. बाजाराचा दिवस असूनही आला नाही. एक पोरगा मळ्याकडून आला होता, त्याने सांगितलं की राघूबाबा घराबाहेरच पडत नाहीत. गावाचं हसू शेठांनी सहन केलं असतं. दोन महिन्यांत गावाला हसायला दुसरं काहीतरी मिळालं असतं. पण पायरी रिकामी होती, आणि दिवसभर त्यांचं लक्ष गिऱ्हाइकांपेक्षा तिच्याकडेच होतं.

संवत्सरीचा उपवास झाला, वर्षभराच्या चुका आठवून सगळ्या जिवांची क्षमा मागायचं संध्याकाळचं प्रतिक्रमण झालं. मग येतो तो क्षमा मागायचा दिवस. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असं म्हणत शेठ दरवर्षी घरोघर जात. हल्ली बरेच जण हात जोडलेलं चित्र मोबाइलवर पाठवून मोकळे होतात आणि शेठांनीही पन्नासेक जणांना ते पाठवलं होतं. राघूला मात्र ते दरवर्षी समक्ष म्हणत, 'मिच्छामि दुक्कडं, राघू.' आणि दरवर्षी राघू विचारायचा, 'शेठ, आदी चूक तर सांगा.' चूक नसायचीच. मग दोघं हसायचे आणि चहा यायचा.

या वर्षी शेठ प्रितमच्या स्कूटरवर मागे बसून मळ्यात गेले. प्रितमला त्यांनी बांधावरच थांबवलं. राघू ओट्यावर बसला होता. त्याने बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. शेठांनी हात जोडले आणि ठरलेले शब्द म्हटले.

"कशाबद्दल?" राघू म्हणाला. हसला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा शेठांना उत्तर द्यावं लागलं, आणि ते देताना त्यांची फार धांदल उडाली. कुणाला काही लागू नये ही अट माझी, असं त्यांनी सांगितलं. पोरगी दिवाळी मागत होती, ती मी दिली नाही. वाट्या कोरून ठेवल्या होत्या, माझं अक्षर वाया जाईल म्हणून तुझा बैल मी कच्चा बाजारात काढला. प्रितमला बोललो, सुप्रियाला बोललो, पण तारीख माझी होती.

राघूने तंबाखूची चंची गुंडाळून कनवटीला लावली. मग उठला.

"माझी कशापायी मागता? हसं त्याचं झालं. त्याची मागा."

असं कुणी दुसऱ्याला सांगितलं असतं तर त्याला थट्टा वाटली असती. पण सगळ्या जिवांची क्षमा मागतो असं शेठ आदल्या संध्याकाळीच म्हणाले होते, आणि इतकी वर्षं म्हणून एकाही जिवासमोर ते कधी उभे राहिले नव्हते. ते राघूमागे गोठ्यात गेले. हरण्या गव्हाणीपाशी उभा होता. उंच, पांढरा, मानेची घडी अजून रुबाबदार. शेठ त्याच्यासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

समोर काहीतरी हाललं म्हणून हरण्याने मान वर केली आणि तो मागे सरकला. एक पाऊल, मग दुसरं. दावं ताणलं गेलं तेव्हा थांबला आणि थरथरत उभा राहिला. शेठांचे हात जोडलेलेच राहिले. हे चालणं त्यांनी पडद्यावर पाहिलं होतं, अगदी असंच.

राघू बैलाजवळ गेला आणि त्याच्या मानेवरून हात फिरवू लागला.

"बाकीचं समदं तुमच्या मशिनीचं चुकलं आसंल, शेठ. ह्ये न्हाई चुकलं. डोळ्यात पडदा आलाय त्याच्या. कोंबडी आडवी गेली तरी मागं सरतो. पोरीनं शूटिंग केलं तवाच मी म्हनलो, ह्ये दावू नको. ती म्हनली, आबा, दिवाळीपतुर सरळ पळवते त्याला, कुनाला कळायचं न्हाई. गावाला ठावं न्हाई अजून. मी ठावं व्हऊ दिलं न्हाई. आन त्या दिशी समदी हसली, तवा मला वाटलं, कळलं."

शेठांना रडू आलं. गेममध्ये चुका निघाल्या याची लाज त्यांना वाटत होती, पण त्यातली एकच गोष्ट खरी होती आणि नेमकी तीच राघूला जाळत होती, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. सुप्रिया दोनदा जिना उतरून काय सांगायला आली होती तेही त्यांना आता कळलं. ते गोठ्यातच एका उपड्या पाटीवर बसले. राघूने घरात हाक मारून चहा सांगितला. चहा आला, आणि दोघांनी तिथेच बसून घेतला.

पुढच्या बाजाराला राघू पायरीवर येऊन बसला. सुप्रियाने तोवर अपडेट दिलं होतं. घोडी कुठल्याही वेळी पाणी पीत होती, जमीन जमिनीसारखी टणक झाली होती, रामनाथचं नाव एकदाच येत होतं आणि त्याबद्दल तो नाराज होता. हरण्या सरळ पळत होता. दुकानात गर्दी होती, आणि गर्दीत पेठ गावाहून आलेला एक जुना गाडामालक होता. त्याने मोबाइलवर चतुर्थीच्या संध्याकाळचा मंडपातला व्हिडिओ जपून ठेवला होता. तो पुन्हा लावून त्याने सगळ्यांना दाखवला आणि हळूच म्हणाला की बाकी गंमत ठीक आहे, पण बैल असा मागं सरतो तो काही उगाच नाही. नजर गेली की सरतो. खऱ्या हरण्याचं कसं काय, राघूभाऊ?

राघूचा कप ओठांपाशी थांबला. तेव्हा शेठ गल्ल्यावरून उठले, काउंटर ओलांडून पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"बैलाचा काय संबंध? ती चूक माझी. बैलाने समोरच्याला धडकू नये, समोर कुणी दिसलं की मागे सरकावं, असं मीच लिहायला लावलं होतं. अहिंसा म्हणून. पोरगी नको म्हणत होती."

दुकान हसण्यात बुडालं. शर्यतीच्या बैलाला मागे सरकायला शिकवणारा शेठ! पेठचा पाहुणा डोळे पुसत म्हणाला की शेठ, तुमी भांडीच विका. एकाने विचारलं की घोडीच्या तोंडाला जैन साधूंसारखी मुहपत्ती बांधायची राहिली का. शेठ सगळ्यांच्या मधोमध उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. असं हसू आपल्यावर आलं तर आपण जगणार नाही, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं, आणि आता ते ऐकताना त्यांना बरं वाटत होतं.

गर्दी पांगल्यावर ते पायरीवर राघूशेजारी येऊन बसले. राघूचा चहा निवून गेला होता. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "शेठ, संवत्सरी व्हऊन आठ दिस न्हाई झालं आन तुमी भर बाजारात खोटं बोललात."

"बोललो," शेठ म्हणाले. "दरवर्षी तू चूक विचारतोस आणि मला सांगायला काही नसतं. पुढच्या वर्षीची सोय झाली."